हडसनचे पाणी आणि मोजणारे हात

कोकणातल्या माणसाला खाडी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. वाशिष्ठीच्या पात्रात भरतीचे पाणी चिपळुणाजवळच्या गोवळकोटापर्यंत चढते, आणि गाड्या येण्यापूर्वी तेथला नावाडी आपला दिवस घड्याळावर न मोजता भरती-ओहोटीवर मोजीत असे. घाटावरच्या आम्हां लोकांना मात्र नदी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वस्तू वाटते. तिच्यात जे टाकले ते खाली गेले, आणि खाली गेले म्हणजे आपल्यापुरते संपले, असा आमचा पिढीजात समज आहे. न्यूयॉर्क शहर ज्यांनी वाढविले त्यांचाही समज याहून वेगळा नव्हता. त्या शहराच्या पश्चिम अंगाने जाणारी हडसन नकाशात नदी म्हणून दाखविली जाते खरी. पण समुद्रापासून ट्रॉय गावच्या बंधाऱ्यापर्यंत, म्हणजे सुमारे १५३ मैल, ती भरतीबरोबर वर चढते आणि ओहोटीबरोबर खाली उतरते. तिच्या काठच्या मूळच्या मोहिकन लोकांनी तिला दोन्ही दिशांनी वाहणारी अशाच अर्थाचे नाव दिले होते. नवीन रहिवाशांनी ते नाव टाकून १६०९ साली तेथे आलेल्या एका दर्यावर्दी कप्तानाचे नाव तिला दिले, आणि नावाबरोबर त्यातले शहाणपणही टाकले. खाडीत सोडलेली घाण गेल्यासारखी दिसते व सहा तासांनी परत येते, हे त्या शहराला पुढे फार महागात पडून कळले.

या खाडीचे पाणी कोणकोणी मोजले, कशासाठी मोजले आणि कोठे उभे राहून मोजले, याची हकीकत आज आम्हांस सांगावयाची आहे. विषय रुक्ष वाटेल. पण पाण्यात उतरणाऱ्या मुलाच्या आईला हे पाणी आज बरे आहे का, एवढाच एक प्रश्न पडलेला असतो; आणि त्याचे सरळ उत्तर मिळावयास एका संपन्न शहराला शंभराहून अधिक वर्षे का लागली, हे पाहण्यासारखे आहे.

१८४२ साली क्रोटन नदीचे पाणी कालव्याने मॅनहॅटनमध्ये आले. घरोघर नळ आले की गटारे येतात, आणि गटारे आली की त्यांची तोंडे जवळच्या पाण्याकडे वळतात. मॅनहॅटन हे बेट. त्यामुळे जवळचे पाणी कोठल्याही रस्त्याच्या टोकाला होतेच. शहरातल्या प्रत्येक धक्क्याखाली मैला सुटू लागला. आणि याच धक्क्यांना लागून १८७० पासून शहराने गरिबांसाठी तरंगती स्नानगृहे बांधली, हे वाचून आजचा माणूस थक्क होतो. लाकडी तराफ्यांचा चौक, मधोमध पट्ट्यांच्या तळाचा हौद, आणि त्या फटींतून आत-बाहेर करणारे नदीचे पाणी. स्नान फुकट, पुरुषांचे दिवस वेगळे, स्त्रियांचे वेगळे. चाळींतून ज्यांना अंघोळीची सोय नव्हती अशी हजारो माणसे उन्हाळ्यात तेथे लोटत. १८९० च्या सुमारास अशी पंधरा स्नानगृहे होती. पुढे पाणी इतके बिघडले की विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्या हौदांचे तळ बंद करून आत वेगळे स्वच्छ पाणी भरावे लागले. नदीवर तरंगायचे, पण नदीला शिवायचे नाही! एका शहराने आपल्याच नदीपुढे इतक्या उघडपणे हार मान्य केल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

मोजणीची सुरुवात याच काळातली. १९०६ साली राज्याने न्यूयॉर्कच्या मैलापाण्याचा विचार करण्यासाठी एक आयोग नेमला. त्याचे पुढे अध्यक्ष झालेले जॉर्ज सोपर हे गृहस्थ वैद्यकाच्या इतिहासात दुसऱ्याच कारणाने प्रसिद्ध आहेत. स्वतः कधी आजारी न पडता घरोघर विषमज्वर पसरविणारी स्वयंपाकीण मेरी मॅलन हिचा माग यांनीच काढला होता. १९०९ पासून बंदराच्या पाण्याची नियमित पाहणी सुरू झाली; ती पुढे शहराने चालू ठेवली आणि शंभर वर्षांवर चालविली. इतकी दीर्घ पाहणी जगात फार थोड्या बंदरांची असेल, आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे.

मात्र ती पाहणी काय विचारीत होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. होडी खाडीच्या मधल्या खोल प्रवाहात उभी करावयाची, पाणी काढावयाचे, आणि त्यात विरघळलेला प्राणवायू किती आहे ते पाहावयाचे. प्राणवायू संपला की पाणी कुजते, दुर्गंधी सुटते, मासे मरतात. म्हणजे आणखी किती मैला या बंदराच्या पोटात पचेल, असा तो मुख्य प्रश्न होता. अभियंत्याच्या दृष्टीने तो योग्यच होता. काठाशी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या पोराचा प्रश्न मात्र त्यात कोठेच नव्हता. मधल्या प्रवाहात ते पोर जात नाही, आणि प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यातही हगवणीचे जंतू सुखाने राहतात. १९२४-२५ च्या हिवाळ्यात दूषित कालवे खाऊन अमेरिकेतील अनेक शहरांत विषमज्वराची साथ आली, तेव्हा कालव्यांच्या व्यापारावर देशभर नियम आले. खाणाऱ्याची काळजी अशी एका हिवाळ्यात घेतली गेली. पोहणाऱ्याची मात्र घेतली गेली नाही. त्याला मनाई केली, की काम झाले. ती मनाई पोरे पाळत नसत. सिडनी किंग्सली यांचे १९३५ चे ‘डेड एंड’ हे नाटक ज्यांनी वाचले असेल, त्यांना धक्क्यावरून पूर्वेकडच्या नदीत उड्या मारणारी ती पोरे आठवतील.

घाण पाण्यात पोहून माणूस आजारी पडतो की नाही? आपल्या आजीने याचे उत्तर क्षणात दिले असते. शास्त्राला मात्र ते देण्यास पुष्कळ वेळ लागला, आणि हा भाग थोडा विस्ताराने सांगावासा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने शिकागोजवळील सरोवराचा काठ, ओहायो नदी आणि न्यूयॉर्कनजीकचे लाँग आयलंड साउंड अशा तीन ठिकाणी पोहणाऱ्यांची पाहणी केली. ओहायोवर असे आढळले की शंभर मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म जातीचे जंतू सुमारे २४०० झाले, की पोहणारे न पोहणाऱ्यांपेक्षा अधिक आजारी पडतात. लाँग आयलंडच्या खाऱ्या पाण्यात असा संबंध दिसला नाही. पुढे १९६८ साली तज्ज्ञ समितीला एक मर्यादा ठरवावयाची होती. तिने तो ओहायोचा आकडा घेतला. त्यातले मैल्यापासून आलेले जंतू अठरा टक्के धरले, ते झाले चारशेच्या आसपास. आणि सावधगिरी म्हणून त्याचे निम्मे केले. दोनशे! ही मर्यादा पुढे कित्येक वर्षे समुद्रकाठांवर वापरली गेली. एका गोड्या पाण्याच्या नदीवरून काढलेला, अंदाजाने निम्मा केलेला हा आकडा. आम्ही त्या समितीला हसत नाही. काहीच मर्यादा नसण्यापेक्षा ती बरी होती. पण आकडा छापला गेला की त्याच्या जन्माची कथा लोक विसरतात, हे सांगितलेच पाहिजे.

अटलांटिकच्या पलीकडे इंग्लंडात याच सुमारास काय घडले तेही येथेच सांगतो, कारण सामान्य माणसाने या प्रश्नात हात घातल्याचे आमच्या माहितीतले हे सर्वांत ठळक उदाहरण. टोनी आणि डॅफ्नी वेकफील्ड या दांपत्याची सहा वर्षांची मुलगी कॅरोलाइन समुद्रात खेळून आल्यावर पोलिओने वारली. त्या किनाऱ्यावर मैला सुटत होता. १९५९ साली तेथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने अहवाल दिला, की किनारा पाहूनच किळस यावी इतका घाण नसेल, तर स्नानापासून आरोग्याला असलेला धोका नगण्य समजावा. परिषदेतील शास्त्रज्ञ अप्रामाणिक नव्हते. त्यांनी पोलिओ झालेली मुले व न झालेली मुले यांची तुलना केली होती, आणि त्यांच्या गणितात फरक दिसला नव्हता. परंतु ज्या घरातली मुलगी गेली त्या घराला या उत्तराने काय वाटले असेल! वेकफील्ड दांपत्याने परिषदेशी वाद घालीत बसण्याऐवजी एक साधे काम केले. देशाच्या कोणत्या किनाऱ्यावर कोणते गटार कोठे सुटते याची माहिती गोळा केली, आणि ज्या किनाऱ्यांवर बेलाशक जावे त्यांची ‘सोनेरी यादी’ १९६० पासून छापावयास प्रारंभ केला. गणित त्यांनी बदलले नाही; पाण्यात जाण्याआधी आई-बापांना काय ठाऊक असावे, एवढेच ठरविले.

गणित बदलले ते न्यूयॉर्कमध्ये. १९७३ पासून व्हिक्टर कॅबेली या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने कोनी आयलंड व रॉकअवे येथील चौपाट्यांवर नव्याच रीतीने पाहणी केली. सुटीच्या दिवशी पोहायला आलेल्या कुटुंबांना तेथेच गाठावयाचे, त्याच दिवशी त्याच ठिकाणी छातीएवढ्या पाण्यातून नमुने घ्यावयाचे, आणि आठ-दहा दिवसांनी त्या कुटुंबांना टेलिफोन करून कोणाला ओकाऱ्या, जुलाब, ताप झाला का हे विचारावयाचे. मोजणारा माणूस प्रथमच पोहणाऱ्याच्या शेजारी उभा राहिला! या पाहणीत असे दिसले की खाऱ्या पाण्यात जुना कोलिफॉर्म हा फसवा साक्षीदार आहे. एन्टेरोकॉकस नावाचे आतड्यातील जंतू खाऱ्या पाण्यात अधिक काळ तगतात, आणि त्यांची संख्या वाढली की आजारही त्याच प्रमाणात वाढतो. यावरून १९८६ साली संघराज्याच्या पर्यावरण संस्थेने शंभर मिलिलिटरला सरासरी ३५ एन्टेरोकॉकस ही खाऱ्या पाण्याची मर्यादा सुचविली. आपल्याकडेही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत समुद्रस्नानाच्या व जलक्रीडेच्या पाण्याला वेगळा वर्ग आहे, आणि त्यास शंभर मिलिलिटरला मैल्याचे शंभर कोलिफॉर्म ही मर्यादा आहे. धरमतरच्या खाडीतून गेटवे ऑफ इंडियापर्यंत पोहणाऱ्या आपल्या तरुणांपैकी कितीजणांना हा आकडा कोणी सांगितला असेल, असा विचार मनात येतो.

या मधल्या काळात हडसनकाठची माणसेही स्वस्थ बसली नव्हती. १९६६ साली कोळी, गळकरी व इतर कष्टकरी मंडळींनी एकत्र येऊन हडसन नदी मच्छीमार संघ काढला. रॉबर्ट बॉइल या क्रीडापत्रकाराने १८९९ सालचा एक विसरला गेलेला कायदा त्यांच्यापुढे ठेवला. नाव्य पाण्यात कचरा टाकणे गुन्हा, आणि खबर देणाऱ्यास दंडातील अर्धा वाटा, असा तो कायदा. ज्या रेल्वे कंपनीचा नळ नदीत तेल ओकीत होता तिच्यावर खटला झाला, आणि संघाला बक्षिसाचे पैसे मिळाले. १९६९ मध्ये गायक पीट सीगर यांच्या पुढाकाराने जुन्या घाटाचे ‘क्लिअरवॉटर’ हे शिडाचे जहाज पाण्यात आले आणि काठाकाठाने गाणी गात फिरू लागले. १९७२ साली अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार धुडकावून काँग्रेसने स्वच्छ पाण्याचा कायदा केला, आणि शक्य तेथे सर्व पाणी १९८३ च्या जुलैपर्यंत क्रीडेयोग्य करावयाचे असे त्यात लिहिले. ती तारीख आली व गेली. त्यानंतरही मॅनहॅटनच्या पश्चिम भागाचा कच्चा मैला, दररोज सुमारे पंधरा कोटी गॅलन, सरळ हडसनमध्ये जात होता. हार्लेमच्या काठावरील नॉर्थ रिव्हर शुद्धीकरण केंद्र १९८६ साली सुरू झाले, तेव्हा कोठे तो थांबला.

पाणी सुधारले, हे निर्विवाद. मासे परतले, दुर्गंधी गेली, आणि लोक छोट्या वल्हवायच्या कयाक होड्या घेऊन खाडीत उतरू लागले. काही धक्क्यांवर स्वयंसेवकांनी चालविलेली फुकट होड्यांची मंडळे निघाली. कयाकमध्ये बसलेला माणूस पाण्यापासून वीतभर अंतरावर असतो; त्याचे हात भिजतात, तोंडावर पाणी उडते, कधी होडी उलटते. आणि येथे जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. शहराची पाहणी चालू होतीच. पण तिचे नमुने बहुधा प्रवाहाच्या मध्यातले, आणि तिचे आकडे कित्येक दिवसांच्या सरासरीचे. राज्याच्या वर्गवारीत आतल्या बंदराचा बराच भाग होड्या व मासेमारी यांपुरताच योग्य धरलेला. तेथे पोहण्याची मर्यादा लागूच नव्हती. माणसे पाण्यात होती, कागदावर मात्र नव्हती.

२००६ साली रिव्हरकीपर या संस्थेने, म्हणजे त्याच जुन्या मच्छीमार संघाच्या वारसाने, कोलंबिया विद्यापीठाची लॅमाँट-डोहर्टी वेधशाळा आणि क्वीन्स कॉलेज यांतील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने आपल्या गस्तीच्या होडीतून दरमहा नमुने घ्यावयास सुरुवात केली. मे ते ऑक्टोबर, न्यूयॉर्क बंदरापासून ट्रॉयच्या वरपर्यंत, सत्तरांहून अधिक ठिकाणी. २०१२ पासून उपनद्यांच्या काठी राहणारे गावकरी स्वतःच बाटल्या भरून देऊ लागले. शहराच्या काठी होड्यांच्या मंडळांनी तेच काम आरंभिले. जेथून होड्या सुटतात नेमक्या त्याच पायऱ्यांवर उभे राहून दर आठवड्यास पाणी भरावयाचे, असा त्यांचा क्रम.

हे काम दिसते तितके सोपे नाही. बाटली निर्जंतुक हवी, तोंड प्रवाहाकडे हवे, बोट आत जाता कामा नये. बर्फाच्या पेटीत घालून ती सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावी लागते. तेथे खाऱ्या पाण्याचा एक भाग शुद्ध पाण्याच्या नऊ भागांत मिसळतात, त्यात भुकटी विरघळवितात, आणि ते पाणी सत्त्याण्णव खणांच्या एका पारदर्शक पत्र्यात ओतून तो बंद करून एक्केचाळीस अंश उष्णतेवर चोवीस तास ठेवतात. दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली तो पत्रा धरला, की ज्या खणात जंतू वाढले ते निळे चमकतात. खण मोजावयाचे आणि कोष्टकातून आकडा काढावयाचा. शाळामास्तर, निवृत्त कारकून, विद्यार्थी, कोणीही हे शिकू शकतो. पहाटे उठून, पावसात उभे राहून, आठवड्यामागून आठवडा ते करीत राहणे, यातच खरा कस लागतो.

या बाटल्यांनी काय दाखविले? हडसन सगळीकडे घाण आहे, असे नव्हे. किंबहुना मुख्य प्रवाह पुष्कळ दिवस पुष्कळ ठिकाणी चांगला निघाला. वाईट आकडे निघाले ते काठाशी, उपनद्यांच्या मुखांशी, आणि पावसानंतर. एकाच दिवशी एक जागा निर्मळ आणि काही मैलांवरची दुसरी मर्यादेच्या कितीतरी पट वर. म्हणजे मध्यप्रवाहाची सरासरी खरी होती, आणि काठावरच्या माणसाला ती निरुपयोगी होती. कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. न्यूयॉर्कच्या निम्म्याहून अधिक भागात शौचकूप, स्वयंपाकघर आणि रस्त्यावरचे पावसाचे पाणी यांना एकच गटार आहे. कोरड्या दिवसांच्या दुपटीपेक्षा जास्त पाणी आले, की शुद्धीकरण केंद्राला ते पेलत नाही, आणि काठावरच्या चारशेहून अधिक तोंडांतून ते तसेच खाडीत सुटते. एखादी जोराची सर त्याला पुरते.

२० जुलै २०११ रोजी ऐन उन्हाळ्यात नॉर्थ रिव्हर केंद्राच्या यंत्रघरास आग लागली आणि वीस कोटी गॅलनांहून अधिक कच्चा मैला हडसनमध्ये गेला. या वेळी मात्र शहराने लगोलग इशारा दिला, चौपाट्यांवर सूचना लागल्या. आग सर्वांना दिसली होती. पण दर पावसात हेच पाणी थोडे थोडे सुटते, त्याचा धूर कोणाला दिसत नाही, त्याचे काय? हा सवाल बाटल्या भरणाऱ्यांनी आपल्या कोष्टकांसह पुढे ठेवला. २०१२ साली राज्याने मैलापाण्याची माहिती मिळण्याच्या हक्काचा कायदा केला, आणि १ मे २०१३ पासून असे पाणी सुटल्यास चार तासांच्या आत जनतेला कळविणे बंधनकारक झाले.

स्वयंसेवकांच्या कामाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यांचा आकडा चोवीस तास उशिरा येतो. गुरुवारच्या पाण्याची बातमी शुक्रवारी. तो जंतू माणसाचा, कुत्र्याचा की पारव्याचा, हे त्यातून कळत नाही. वरच्या अंगाला एका विद्युत्-उद्योगाच्या कारखान्यांनी १९७७ पर्यंत तीस वर्षे नदीत सोडलेल्या क्लोरीनयुक्त विषाबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. शासकीय निर्णयाला प्रमाणित प्रयोगशाळेची मोहर लागते, आणि ती नसली म्हणजे अधिकारी सुस्कारा टाकून मोकळे होतात. आम्हांस यातला पहिला आक्षेप सर्वांत खरा वाटतो, कारण आईला आजचे उत्तर हवे असते. पण कित्येक उन्हाळ्यांचे आकडे एका ओळीत मांडले, की पाऊस पडल्यावर कोणत्या पायरीवर किती दिवस उतरू नये, हे कोष्टक न पाहताही सांगता येते. होड्यांच्या मंडळांतली माणसे ते सांगू लागली होती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मॅनहॅटनच्या पश्चिम काठावर गान्सव्होर्ट येथे त्या बेटावरची पहिली सार्वजनिक चौपाटी उघडली. सुमारे बाराशे टन वाळू आणून पसरली, छत्र्या लावल्या, खुर्च्या मांडल्या, कयाक सोडावयास उतार केला. पोहण्यास मनाई होती. तरंगत्या स्नानगृहांचे तळ बंद झाल्याला तोवर शंभराहून अधिक वर्षे लोटली होती, आणि वाळूत बसलेली मुले दोन्ही दिशांनी वाहणाऱ्या त्या पाण्याकडे पाहत होती.